साळूचे वळण

नदीकाठचे हे मोकळे रान दिसते ना, पाव्हणे, त्याला आम्ही साळूचे वळण म्हणतो. शिळवती इथे घोड्याच्या नालासारखी वळते. मधली जमीन काळीभोर, लोण्यासारखी. तरी तिथे नांगर नाही, झोपडी नाही. गुरे चरतात तेवढीच. असे का, ते वाडवडिलांनी सांगितले तसे सांगतो.

फार पूर्वी हैबती पाटील गावाचा कारभार पाहायचा. दर पावसाळ्यात पुराचे पाणी या वळणात पसरायचे, चार दिवस निवांत बसायचे आणि ओसरायचे. एवढी जमीन पाण्याला कशाला द्यायची, असे हैबतीला वाटले. त्याने काठची करंजाची झाडे तोडली, नदीला सरळ चर खणून दिला आणि वळणाच्या तोंडाशी मातीचा बांध घातला. सारे गाव राबले. हैबतीची बायको साळू हिनेही डोक्यावरून माती वाहिली म्हणे. जमीन घरोघर वाटली गेली. अशी बाजरी गावाने कधी पाहिली नव्हती.

नदीच्या खालच्या अंगाला नांदवळी गाव आहे. पाटलाची लेक चिमा तिथे दिलेली. तिचा सासरा एकदा सांगायला आला, "पाटील, पूर पूर्वी दिवसभर चढायचा. आता भांडी उचलायला सवड देत नाही."

हैबती म्हणाला, "मग तुम्ही तुमच्या दारात बांध घाला."

व्याही न जेवताच उठला. त्या रागात पुढे चिमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरीही धाडले नाही.

त्या श्रावणात पाऊस थांबेना. डोंगरावरचे रानही तोवर नांगराखाली गेले होते, त्यामुळे पाणी धरायला वर काही उरले नव्हते. शिळवती त्या सरळ चरातून बाणासारखी सुटली. भर दुपारी चिमाचा नवरा मल्हारी चिखलाने माखून बांधावर आला.

"मामा, गाव बुडतंय. माणसं माळवदावर चढलीत. चिमाला कळा सुरू झाल्यात. बांध फोडा."

बांधावर सारे गाव काठ्या घेऊन उभे होते. मागे बाजरी पोटरीत आलेली. सगळे पाटलाकडे पाहू लागले.

हैबती म्हणाला, "जावईबापू, रान माझं एकट्याचं असतं तर आत्ता फोडलं असतं. माझ्या लेकीपायी गावाच्या तोंडचा घास कसा काढू?"

तेव्हा साळू पुढे आली. तिच्या हातात कुदळ होती.

"ही माती मी वाहिली," ती म्हणाली. "नांदवळीत माझी एकटीचीच लेक नाही."

तिने पहिला घाव घातला. दोघेतिघे धावले, पण तिला धरायला कोणाचा हात उठला नाही. मल्हारीही खणू लागला. आधी बोटभर धार आली, मग हातभर. आणि एकाएकी पायाखालचा बांध खचला, साळू पाण्यात गेली. जी काठी घेऊन बांध राखायला उभा होता तीच हैबतीने पुढे केली. साळूने ती धरली म्हणून वाचली. पाणी धडधडत वळणात शिरले आणि पाहता पाहता सारी बाजरी दिसेनाशी झाली.

दिवस मावळेपर्यंत नांदवळीतला पूर उतरू लागला. चिमा माळवदावरच बाळंत झाली.

पण इथे गावाचा घास गेला. साळूच्या दारी कोणी विस्तव मागायलाही येईना. घराघरात उपास पडू लागले. आणि दसऱ्यानंतर एका सकाळी नांदवळीची माणसे डोक्यावर पाट्या घेऊन रांगेने आली. पुढे चिमा, कडेवर मूल. माळावरची जी काही बाजरी हाती लागली होती, तिच्यातली निम्मी त्यांनी आणली होती.

व्याही म्हणाला, "तुमचं पीक आमच्यापायी बुडालं. वळण नदीला राहू द्या. पहिली रास दर साली तुमची."

हैबतीने नदीत उतरून, ओंजळ भरून शब्द दिला. सरळ चर दगडांनी बुजवला. काठाला पुन्हा करंज लावले.

आजही नांदवळीची माणसे दसऱ्यानंतर धान्य घेऊन येतात, तेही पायी. आमच्याकडची एखादी वडीलधारी बाई वेशीवर विचारते, "औंदा पाणी कुठवर आलं?" "गावाबाहेरच थांबलं," असे उत्तर आले की पाट्या उतरवायच्या. गेल्या साली मात्र उत्तर आले, "घरात शिरलं." पाट्या डोक्यावरच राहिल्या. त्याच दुपारी आम्ही वळणाच्या तोंडाशी कोणी रान धरायला नवे घातलेले, पाणी अडवणारे दगडी कुंपण उतरवले. कुंपण कोणाचे होते ते विचारू नका. पहिला दगड त्यानेच काढला.