ठकूआईचं 'हं'

ऐका बरं का, फार फार वर्षांमागची गोष्ट. बोरखडकच्या बाजारात तेव्हा एक रीत होती. चिंचेच्या पारावर उभं राहून कुणीही आपलं कवन म्हणावं. गेनू बुरुड बांबूच्या पाट्या विणता विणता कवनं रचायचा. एकटा असला की घडाघडा बोलायचा, पण चार माणसं समोर आली की त्याचं त त प प व्हायचं. लोक खो खो हसायचे. शेवटी तो बायकोला म्हणाला, "आज जमलं तर जमलं. नाहीतर पुन्हा पारावर पाय ठेवणार नाही."

भर दुपारी गेनू पारावर चढला.

"रानामधी उभा होतो, पोकळ आणि..."

झालं! जीभ टाळ्याला चिकटली. कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि गेनू उतरायला वळला.

तेवढ्यात समोरून आवाज आला, "हं! मग?"

फुटाणे भाजणारी ठकूआई! भट्टी सोडून म्हातारी पाराला खेटून बसली होती, नजर गेनूच्या तोंडावर. असं म्हणतात, त्या एका 'हं'नं अख्खा बाजार गप्प झाला. तराजू अधांतरी थांबले, भट्टीतले फुटाणे तडतडायचे थांबले.

"...ताठ," गेनू म्हणाला. "बुरडानं विणली पाटी, भरलो काठोकाठ!"

"हं!"

मग काय विचारता! तो बोलत राहिला, ती हुंकार देत राहिली. असं म्हणतात, त्या दिवशी सूर्यसुद्धा मावळायचं विसरला.

कवन संपलं तसा गेनू तिच्या पाया पडला. डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. "आई, तुझ्यामुळं बोललो गं. कसं वाटलं कवन?"

गेनूनं दोनदा विचारलं. म्हातारी त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग कानाला हात लावून खुदकन हसली.

"मला कुठं ऐकू येतंय रे बाबा! दहा वर्षं झाली कान जाऊन. पण तुझ्या तोंडावर दिसत होतं, आत काहीतरी चांगलं अडकलंय."

आणि तिनं त्याच्या ओंजळीत गरम फुटाणे ओतले.

आजही बोरखडकला त्याच चिंचेखाली कवी जमतात. आधी प्रत्येकाच्या हातावर फुटाणे ठेवतात. पहिली रांग गावातल्या बहिऱ्या म्हाताऱ्यांची, तिथं दुसऱ्या कुणी बसायचं नाही. कवी अडखळला की पहिलं 'हं, मग?' त्यांचं, आणि पाठोपाठ सगळ्या गावाचं.

असं म्हणतात, त्या पारावर आजवर कुणाचं कवन अर्धं राहिलेलं नाही.