कडेच्या निखाऱ्यांत लोळलेली पट्टी

अवजारं माणसांपेक्षा जास्त बडबडायची, तेव्हाची ही गोष्ट. भिवरा लोहारणीनं पोलादाच्या दोन पट्ट्या थंडच ठोकून पातळ केल्या. तिला त्यांच्यापासून बाळाच्या पाळण्यासाठी दोन कड्या करायच्या होत्या. पण मार खाऊन पट्ट्या ताठ झाल्या होत्या. तशाच वाकवल्या तर मोडून भंगारात जाऊ, या भीतीनं धाकट्या पट्टीचा जीव टांगणीला लागला.

म्हणून भिवरानं भट्टी पेटवली. भात्यासमोर ठेवलेली धाकटी झटकन आतबाहेर लाल झाली आणि सांडशीनं तिला लगेच उचललं.

"इतक्यात?" धाकटी रडवेली झाली.

"तुझ्या पोटातले चेचलेले कण जाऊन नवे बारीक कण बसले. पुरे झालं," सांडशी म्हणाली. "थोरले, तूही ऊठ."

थोरली कडेच्या निखाऱ्यांत मजेत लोळत होती. "घाई तुमची तुम्हाला लखलाभ! मी सावकाश मुरते."

"मूर बाई, मूर. तुझे कण भोपळ्याएवढे होऊ देत."

दुपार कलल्यावर थोरली बाहेर आली आणि लोण्यासारखी वाकली. धाकटी जरा कुरकुरत वाकली, पण मोडली नाही.

"वाकावं तर माझ्यासारखं!" थोरलीनं टोमणा मारला.

बाळाला ठेवण्याआधी भिवरानं कड्यांना पाळणा टांगून त्यात कोळशाचं पोतं ठेवून पाहिलं. धाकटी जागची हलली नाही. थोरली मात्र हळूहळू सरळ झाली आणि पोतं धपकन खाली आलं.

"मला परत भट्टीत घाला गं!" थोरली ओरडली.

"नुसत्या भट्टीनं काय होतंय?" सांडशी हसली. "तुला मऊ पाडणारे ते फुगलेले कण आधी चेचायला हवेत. चल ऐरणीवर, घण तुझीच वाट बघतोय."