शेवूच्या अंगठ्याची लाल बस

डोंगराच्या पायथ्याशी, सोनचाफ्याच्या बागेला लागून शेवूचं इवलंसं कौलारू घर होतं. शेवू आणि तिची आई लाकडाच्या पिटुकल्या गाड्या करायच्या. पिवळ्या टमटमी, निळे ट्रक, लालचुटूक बस! पण आईचा पाय मोडला आणि घरात नुसती पेज उरली. आईला पेजेचं काही नव्हतं हो, तिला रुखरुख एकच. डोंगरावरच्या गावी म्हातारी आजी वाटेकडे डोळे लावून बसलेली, आणि आईला तो चढ चढवेना. तिथे बससुद्धा जात नव्हती.

एके सकाळी शेवू नवी रंगवलेली बस घेऊन चाफ्याखाली बसली. रंग झकास, पण चकाकी कुठली? वॉर्निशचा डबा ठणठणीत कोरडा!

इतक्यात चाफ्याच्या फुलातून सोनेरी भुरभुर झाली आणि बोटाएवढी परी बाहेर आली. तिचे पंख साबणाच्या फुग्यासारखे सातरंगी होते.

"मी चकाकीपरी. काय हवं तुला, बाळ?"

"आईला आजीकडे जायचंय," शेवू म्हणाली.

परीने पाकळीच्या द्रोणात पाण्यासारखं नितळ वॉर्निश दिलं. "हे बसला लाव. वाळलं की बस खरी होईल. पण हात पातळ दे. कुंचला एकाच दिशेनं फिरव. आणि वाळेपर्यंत बोट लावू नकोस हं! लावलंस, तर बस आहे तेवढीच राहील."

शेवूचं तोंड एवढंसं झालं. वाळलं का बघायला बोट लावायची तिला भारी खोड! आई नेहमी म्हणायची, "धीर म्हणून नाही तुला. आजीकडच्या टमटमीवरसुद्धा तुझा अंगठा उमटलाय!"

शेवूने हळूहळू वॉर्निश लावलं. बस अशी लखलखली, की टपावर निळं आभाळ दिसू लागलं. मग ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. बोटं नुसती शिवशिवत होती, पण पोरीने हात काही काढला नाही.

तेवढ्यात एक चिमुकलं फुलपाखरू टपावर उतरलं आणि त्याचे पाय ओल्या वॉर्निशला चिकटले. बिचारं फडफडायला लागलं. शेवूने ओसरीकडे पाहिलं. आई डोंगराकडे बघत बसली होती.

"थांब हं, राजा," ती पुटपुटली. टपावर अंगठा टेकवून तिने एकेक पाय अलगद सोडवला. फुलपाखरू भुर्रकन उडालं. टपावर अंगठा उमटला, आणि शेवूला रडू फुटलं.

परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. "अगं वेडाबाई, रडतेस काय? नियम उतावळ्या बोटासाठी होता. हे बोट उतावळं नव्हतं. पण ठसा मात्र राहील हं, तो मलाही पुसता येत नाही."

तिने हळूच फुंकर मारली. बागभर लख्ख उजेड झाला. त्या उजेडात परी विरून गेली आणि चाफ्याखाली खरीखुरी लाल बस उभी राहिली!

शेवूला आणि आईला घेऊन बस आपली आपणच घाट चढू लागली. वर अंगणात आजी बसली होती. खालच्या वळणावर तिला चकाकणारा टप दिसला, आणि टपावर सुपाएवढा अंगठा.

आजी काठी विसरून उठली. "अगंबाई! आली गं माझी शेवू!"