आडवा हात

गाड्या कोळसा खात होत्या, त्या काळातली गोष्ट. समुद्राकडचा फाटा मोठ्या लाइनीला मिळे, तिथे एक सिग्नल हात आडवा करून उभा असे. रोज मासळीची गाडी त्याच्यापाशी थांबे आणि चांगुणा कोळीण खिडकीतून ओरडे, "मुडद्या, माझे बांगडे नासतील ना."

एके दिवशी सिग्नलला ते फारच लागलं. तो आपला हात खाली ओढणाऱ्या तारेला म्हणाला, "ओढ मला. आज जाऊ दे तिला."

"केबिनमधल्या दाजींनी ओढल्याशिवाय मी हलत नाही," तार म्हणाली. "शिव्या खायची सवय कर."

तेवढ्यात उशिरा धावणारी मेलगाडी समोरच्या मोठ्या लाइनीवरून धडधडत गेली. चांगुणाने झटकन डोकं आत घेतलं. मग सिग्नलचा हात खाली आला, मासळीची गाडी सुटली. जाता जाता चांगुणाने त्याच्यावरून हात ओवाळले आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा शिव्या घातल्या. सिग्नल हात आडवा करून निवांत उभा होता.