तांबूस म्हणजे काय?

जनावरांचेही दवाखाने होते, त्या काळची ही गोष्ट. डोंगरावरचा दवाखाना अस्वलाच्या हाती होता, तळ्याकाठचा कासवाच्या. एकाचं निदान दुसऱ्याला कधीच पटत नसे. म्हणून दोघांनी मिळून नवी युक्ती काढली. दोघं एकत्र बसू लागले आणि ताप मोजायला सरडा नेमला.

पहिल्याच दिवशी हरणी आपलं लंगडणारं पाडस घेऊन आली.

"अहो, याच्या पायाला..."

"थांबा बाई, आधी ताप बघू." अस्वलाने केसाळ पंजा लावला. "थंड आहे."

कासवाने आपली गार मान टेकवली. "छे, भाजतंय!"

मग सरड्याला पाडसाच्या पाठीवर बसवलं. तो पाडसासारखाच तांबूस झाला.

"तांबूस म्हणजे ताप आहे की नाही?" अस्वलाने विचारलं.

"ते तुम्ही ठरवणार होतात ना, अस्वलदादा?" कासव म्हणालं.

"मला वाटलं, तुम्ही ठरवलंत!"

दोघंही सरड्याकडे बघू लागले. सरडा ओशाळला. "मी बसतो तिथला रंग घेतो. मला ताप कुठला कळायला?"

बराच वेळ डोकं खाजवून दोघांनी आणखी तीन सरडे आणायचं ठरवलं.

सरडा पाडसाच्या पायावरून उतरता उतरता थबकला. "अहो, इथे काटा रुतलाय!"

"तो नंतर बघू," अस्वल खेकसलं. "आधी तांबूस म्हणजे काय, ते ठरू दे."