डोकं कुठं आहे?

"…पण अजून किती दिवस नुसतं बघत बसायचं, सिस्टर?"

तेजलचा आवाज चढलाच. गरोदर बाईच्या तपासणीचा ऑनलाइन कोर्स तिनं अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी पास केला होता. आणि या डोंगरातल्या उपकेंद्रात आठ दिवस झाले, चंद्रकला सिस्टर तिला कुणाच्या पोटाला हात लावू देत नव्हत्या.

"बरं. जयश्रीला तू तपास."

जयश्रीला नववा सरत आला होता. ती टेबलावर आडवी झाली. तेजलनं आधी वर, मग दोन्ही कुशींना, मग खाली दाबून पाहिलं. व्हिडिओतला क्रम तिला तोंडपाठ होता.

"डोकं खाली आहे. कळा सुरू झाल्या की इथंच या." तिनं कार्डावर लिहूनही टाकलं.

सिस्टरांनी पोटाकडे पाहिलंच नाही.

"जयश्री, बाळ लाथा कुठं मारतं गं?"

"खालीच." तिनं ओटीपोटावर हात ठेवला. "पंधरा दिस झालं. लघवीला बसलं की जीव नकोसा होतोय."

सिस्टरांनी तेजलचे गार हात आपल्या हातांत घेऊन चोळले. ऊन झाल्यावर त्यातला एक जयश्रीच्या बरगड्यांखाली नेऊन ठेवला.

काहीतरी टणक, वाटोळं. बोटांखाली डुललं…

डोकं वर होतं. बाळ पायाळू होतं. इथं ना डॉक्टर, ना ऑपरेशनची सोय. मोठा दवाखाना घाट उतरून दोन तासांवर.

तिनं कार्डावरची ओळ खोडली. सिस्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. "आजच जा, बाई. कळांची वाट बघू नकोस."

जयश्री गेली, तशी तेजल उसळली.

"तिनं मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस?"

"व्हिडिओत नाही विचारत! तिथं बाहुली असते!"

सिस्टर हात धूत राहिल्या…

"म्हणजे सगळं पहिल्यापासून शिकायचं? आणि शिकवणार कोण? तुमच्या तोंडून तर आठ दिवसांत आठ शब्द निघाले नाहीत!"

सिस्टरांनी नळ बंद केला.

"बाहेर बाकावर पाच जणी बसल्यात. दार उघड."