रेवणशेटची करमाफी

“म्हणजे आता मला झोप लागेल ना, बाबा?”

रेवणशेटने विचारलं आणि उपरण्याने मान पुसली. सुताने भरलेली त्याची बैलगाडी घाटाच्या निम्म्या चढावर थांबली होती. चिंचेखाली चांदशाबाबा फकीर बैलांसाठी दगडी डोणीत पाणी ओतत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“आधी का लागत नव्हती?”

“बाजार बसलाय, बाबा. वर्षभर कापडाला गिऱ्हाईक नाही. निम्म्याहून जास्त माग बंद. तरी मागांवरचा कर आहेच, नाक्यावर जकात आहेच. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं.”

“आणि आता?”

“उतरला धोंडा. दरबाराने वर्षभराचा कर माफ केला, जकातही. आमच्या गावातल्या सगळ्या मागवाल्यांना.” रेवणशेट हसला. “बोललो मीच. बाकीचे नुसते हात जोडून उभे. मी म्हणालो, सरकार, माझ्या एकेका मागावर एकेक घर जेवतं. राजेसाहेबांचे डोळे भरून आले.”

“छान बोललास.”

“शेवटी शिष्य तुमचाच.”

दर गुरुवारी तो बाबांच्या पायाशी बसायचा, आणि बसतो हे गावभर सांगायचा.

बाबांनी बादली खाली ठेवली.

“मग माग कधी सुरू?”

...

“बघू. दिवाळीनंतर. आधी मी सावरतो.” शेटने गाडीकडे बोट केलं. “कराचे ठेवलेले पैसे वाचले, त्यात हे सूत स्वस्तात मिळालं. भाव चढला की तसंच विकीन. विणायची कटकट कशाला?”

गाडीजवळ इरप्पा बैलांच्या मानेवरून हात फिरवत होता. तो मूळचा शेटच्याच मागावरचा विणकर. होळीपासून माग बंद, म्हणून आता शेटची गाडी हाकत होता.

त्याचा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

“मालक,” तो म्हणाला, “हा चढ बैलांना झेपेल असं दिसत नाही.”

त्याने बैलांना हाक दिली. चाक वीतभर पुढे गेलं आणि मागे आलं. इरप्पाने घाईने चाकामागे दगड लावला.

“दोन गठ्ठे इथे उतरव,” बाबा म्हणाले. “कुणी नेणार नाही.”

दोन गठ्ठे उतरले. गाडीत जागा झाली. पायथ्यापासून चालत आलेल्या शेटला ती जागा दिसली. चाकावर पाय देऊन तो वर चढला आणि बसला.

“हाक.”

गाडी हलली नाही.

“अजून दोन,” बाबा म्हणाले.

शेटने पाय पसरले.

“हाक रे.”

बैलांनी नुसतेच कान हलवले.

“अजून दोन.”

आता शेट आडवा झाला. उपरण्याची घडी डोक्याखाली घेतली.

“तुमची कृपा, बाबा. इथेच झोप लागेल बहुतेक.”

इरप्पाने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता, आणि हसू दिसू नये म्हणून वाकून चाकाला खांदा लावत होता.

गाडी जागच्या जागी.

“अजून किती उतरवायचं?” शेट वैतागून उठून बसला. “आता राहिलंय काय गाडीत?”

बाबा गाडीजवळ आले आणि त्यांनी हात पुढे केला. एखाद्या म्हाताऱ्याला उतरताना द्यावा, तसा.

शेटने त्या हाताकडे पाहिलं. खाली मातीत पडलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. चाकाशी वाकलेल्या इरप्पाकडे पाहिलं.

“मी तर जागा होती म्हणून...”

हात तसाच होता.

...

शेट उतरला.

बाबांनी एक गठ्ठा उचलला आणि परत गाडीत टाकला. मग दुसरा.

“अहो बाबा, रिकामी हलत नव्हती. भरलेली कशी हलेल?”

“ते चाक तू घे.”

बाबांनी बैलांची वेसण धरली. एका चाकाला इरप्पा, दुसऱ्याला शेट. शेटचा गाल लाकडाला घासत होता. गाडीखालून त्याला पलीकडच्या चाकाशी रोवलेले इरप्पाचे पाय दिसत होते. अनवाणी.

गाडीने एक गचका खाल्ला. मग दुसरा.

मग ती चढू लागली.

वरच्या वळणावर चढ संपला तेव्हा शेट रस्त्यातच खाली बसला. उपरणं कुठे पडलं, त्याला माहीत नव्हतं. त्याला धाप लागली होती आणि का कोण जाणे, बरंही वाटत होतं.

“इरप्पा... तुझा माग नीट आहे ना?”

“जाळी धरलीत, मालक. एरवी काही झालं नाही त्याला.”

“उद्या झाडून घे. बाकीच्यांनाही सांग. हे सूत मागावरच जाऊ दे.”

इरप्पाने बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि हात तिथेच राहू दिला.



“आणि कापड खपलं नाही, तर?” त्याने हळूच विचारलं.

“तर डोक्यावर घेऊन गावोगाव विकू. तू आणि मी.”

“तुम्ही? डोक्यावर?”

इरप्पा या वेळी तोंड न फिरवता हसला. शेटही हसला.

बाबा उताराला लागले होते.

“बाबा,” शेटने मागून हाक मारली, “माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.”

“कोणत्या?”

“झोपेच्या.”

बाबा थांबले. वळले नाहीत.

“पाय दुखतायत?”

शेटने इरप्पाकडे पाहिलं.

“दोघांचेही.”

“मग लागेल.”